एकनाथ इंगवलेचा तीनशे बारावा गोल

एकनाथ इंगवले तसा चारचौघांतला माणूस. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेत घर, वेस्ट विंडसरच्या एका औषध कंपनीत डेटाबेस सांभाळायची नोकरी, वय एकोणसाठ, डोक्यावर केस मोजकेच. ऑफिसातल्या कुणी त्याला कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नसेल. रविवारी सकाळी मात्र हा गृहस्थ वाकून मैदानाला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा, आणि पुढची नव्वद मिनिटं समोरच्या गोलकीपरच्या नाकी नऊ आणायचा.

तो वाढला कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या तालमीत. बाहेरच्यांना पटत नाही, पण कोल्हापुरात फुटबॉल तालमीतूनच येतो. सकाळी तांबड्या मातीत घाम गाळायचा, संध्याकाळी बूट चढवायचे. खेळायचं तालमीच्या नावानं, मारही खायचा तालमीच्याच नावानं. "गोल पेठेचा असतो, माणसाचा नसतो," हे वस्तादांचं वाक्य त्याच्या अंगात मुरलं होतं. तिथं त्यानं किती गोल मारले ते कुणीच मोजलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली कंपनीनं त्याला अमेरिकेत धाडलं. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या गावात रस्ता चुकला आणि तो एका जुन्या विटांच्या हॉलसमोर येऊन थांबला. आत दोर लोंबत होते, म्हातारेकोतारे घाम गाळत होते, आणि दारात तोच ओळखीचा वास! शंभर वर्षांपूर्वी आलेल्या चेक लोकांची ती व्यायामशाळा होती. तालीमच म्हणा ना. आणि तालमीला असावा तसा तिचा फुटबॉलचा संघही होता. कुणीतरी विचारलं, तू कुठे खेळतोस? "पुढे," एकनाथ म्हणाला, आणि पुढची सत्तावीस वर्षं तो पुढेच खेळला.

हॉलच्या भिंतीवर एका मिशीवाल्याचा फोटो होता. वात्स्लाव हृबी. पहिल्या महायुद्धाच्या आधी प्राग गाजवलेला स्ट्रायकर. दोन्ही पायांनी सारखाच मारायचा म्हणे. तिथले त्याचे गोल कुणी पाचशे सांगतं, कुणी सहाशे. कागद एकही उरलेला नाही. १९१२ साली तो बोटीनं इकडे आला, सिगारच्या कारखान्यात लागला, हा संघ उभा केला आणि शेहेचाळीस वर्षांचा होईपर्यंत गोल मारत राहिला. क्लबसाठी तीनशे अकरा. हा आकडा पक्का, कारण क्लबचं रजिस्टर होतं, आणि ते आता त्याची नात सांभाळत होती. व्लास्ताबाई, वय चौऱ्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

या बाईंनी एकनाथला न विचारता त्याचेही गोल लिहून ठेवले होते. एके दिवशी आपल्या चेक उच्चारात सहज म्हणाल्या, "एकनाट, आजोबांना गाठायला एकतीस राहिले."

झालं! त्या दिवसापासून एकनाथचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चारचौघांत तो म्हणायचा, "छे हो, गोल क्लबचा." पण बायकोपासून काय लपतं? पूर्वी संघ जिंकला की घरी येऊन बशीभर पोहे हाणणारा नवरा आता स्वतःचा गोल नसला तर "भूक नाही" म्हणायचा. प्रतिमा मनातल्या मनात हसायची आणि कढई झाकून ठेवायची.

या वर्षी गुडघ्यानं मान टाकली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा सीझन शेवटचा. नोव्हेंबरातली शेवटची मॅच उजाडली तेव्हा रजिस्टरात एकनाथचे गोल होते बरोब्बर तीनशे अकरा.

मॅचला प्रतिमा आली, मुलगी इला आली, आणि एडिसनहून यतीन आला. यतीन त्याच्याच पेठेतला. साठ मिनिटं काहीच जमेना. मग डावीकडून बॉल आला, एकनाथला उडी मारता येईना, त्यानं नुसता पाय पुढे घातला. बॉल नडगीला लागून आत गेला. देखणा म्हणावा असा गोल नव्हताच, पण गोल होता.

आणि यतीन पिशवी घेऊन आत धावला. पेठेचा गडी, गोल झाल्यावर गप्प बसेल? गणपतीतला उरलेला दोन किलो गुलाल त्यानं दोन्ही हातांनी उधळला. "आलाऽऽ रेऽऽ मर्दा!"

रेफरी तरुण होता. त्याला दिसला तो गुलाबी धूर. त्याला वाटलं, स्मोक बॉम्ब! त्यानं शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं. ही नुसती रंगाची पावडर आहे हे त्याला कळेपर्यंत, मैदान ज्या शाळेचं होतं तिथला माणूस आला होता आणि मैदानाच्या पांढऱ्या रेघा गुलाबी झालेल्या बघून कपाळाला हात लावत होता.

"बाबा, दे आर कॅन्सलिंग द गेम!" इला ओरडली.

रेघाच दिसेनात म्हणून मॅच रद्द झाली. सीझन संपला होता, त्यामुळे पुन्हा खेळवणार नाही, असं लीगनं कळवलं. जी मॅच झालीच नाही, तिच्यात गोल कसला?

यतीन रडकुंडीला आला. "भावा, माझ्यामुळं गेलं रे सगळं."

"अरे चालायचंच यार. कोल्हापुरात काय वेगळं केलं असतं?" एकनाथनं उलट त्याचीच समजूत काढली. घरी मात्र तीन दिवस धड बोलला नाही.

"वाईट वाटलंय तुम्हाला," प्रतिमा म्हणाली.

"छे! क्लब जिंकत होता, तेवढं पुरे."

"अहो, माझ्याशी तरी खरं बोला."

एकनाथ गुडघ्याला बर्फ लावायला उठला.

गुरुवारी हॉलमध्ये सीझन संपल्याचं जेवण होतं. सूप झालं, बिअर झाली, आणि व्लास्ताबाईंनी रजिस्टर उघडलं.

"लीगचं पुस्तक लीगचं," त्या म्हणाल्या. "हे आपलं. आजोबांचे एकोणीस गोल अर्धवट राहिलेल्या मॅचमधले आहेत. एकदा धुकं आलं, एकदा मारामारी झाली, एकदा नदी मैदानात शिरली. तरी ते धरले. पण आपला रिवाज आहे, अशा वेळी गोल मारणाऱ्यालाच सगळ्यांसमोर विचारायचं. एकनाट, तो गोल तुझा आहे का?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. वस्ताद जणू मागेच उभे होते. क्लबचा आहे, असं म्हणणं किती सोपं होतं! ओठांवर आलंही होतं. त्यानं प्रतिमाकडे पाहिलं. तिनं मुद्दाम मदत केली नाही.

"माझा आहे," तो म्हणाला, आणि आपण ते मराठीत बोललो हे कळल्यावर पुन्हा इंग्रजीत म्हणाला, "माझा आहे. आणि मला तो हवाय."

इतक्या वर्षांत स्वतःसाठी त्यानं मोठ्यानं मागितलेली ही पहिली गोष्ट. त्याचे कान लाल झाले, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. बाईंनी शाईच्या पेनानं ३१२ लिहिलं. टेबलं बडवली गेली.

गलका ओसरल्यावर तो हळूच त्यांच्याजवळ गेला. "तुमच्या आजोबांना काय वाटलं असतं हो?"

"त्यांना? भयंकर राग आला असता," व्लास्ताबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी दोन गोल मारायला हजर झाले असते."

एकनाथ हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"मग मलाही यावं लागलं असतं," तो म्हणाला.