चाकांवरचं पाणी

भाऊसोला गाडी कळते, माणूस कळत नाही, असं सगळा गाव म्हणतो. ते खोटं आहे. त्याला माणूस चांगला कळतो, आवडत नाही एवढंच.

कोरेगाव तालुक्यात घाट उतरला की पहिल्याच वळणावर त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. बारा वर्षं झाली. भाऊसो मूळचा माणचा, दहिवडीच्या पलीकडचा. बापजाद्यांनी मेंढरं वळली, भाऊ मुंबईला कामाला गेले आणि हा पलूसला एका वर्कशॉपमध्ये राहून चाकांचं काम शिकला. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, ब्रेक. इंजिनाला तो हात लावत नाही. टायरात भलतीच हवा भरून आलेल्या माणसाला तो गाडीतून उतरायच्या आधीच झापतो. ‘टायर हाय का भोपळा?’ असं त्यानं एकदा कोरेगावच्या डॉक्टरला भर रस्त्यात विचारलं होतं. तरी गिऱ्हाईक येतं, कारण तो खोटं काम करत नाही. हे गिऱ्हाइकाला माहीत आहे आणि दुर्दैवानं भाऊसोलाही माहीत आहे.

गॅरेजची जागा मात्र त्याची नाही. ती वीरधवलच्या घरची. वीरधवल म्हणजे गावातलं बडं घर. वडील सुभेदार मानसिंग वारले, ऊस आणि विहिरी मागे ठेवून गेले. वीरधवलनं माणात पवनचक्क्यांच्या रस्त्यांचा ठेका घेतला आणि बसायला पांढरी एसयूव्ही घेतली. रोज सकाळी घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा, आणि उतरायचा तो असा की कडेची शेरडं झुडपात पळायची. गॅरेजपासून त्याचं घर अर्ध्या मैलावर.

दसऱ्याला त्यानं गाडीची साधी लोखंडी चाकं काढून रुंद, उघड्या आऱ्यांची अलॉय चाकं बसवली. दिवाळी उलटली आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं.

भाऊसोनं आधी त्या नव्या चाकांनाच शिव्या घातल्या. ‘शोभेची चाकं हायती, वरातीत लावा,’ म्हणाला. चारही चाकं बॅलन्स केली, वजनं मारली. थरथर तशीच. पुढचे टायर मागं टाकले, मागचे पुढं. तशीच. अलाइनमेंट तपासलं, स्टेअरिंगचे सगळे सांधे हलवून बघितले, कुठं ढिलाई नव्हती. वीरधवल तिसऱ्यांदा आला तेव्हा गाडीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली करून म्हणाला, ‘मेंढरं राखायचं सोडून पाने कुणी दिलं रं तुझ्या हातात?’

दुसरा कुणी असता तर भाऊसोनं पाना फेकला असता. पण त्याला स्वतःचाच राग आला होता. पलूसला पहिल्या दिवशी शिकवलेला प्रश्न त्यानं विचारलाच नव्हता.

‘कवा थरथरतं? नुसतं पळताना, का ब्रेक दाबल्यावर?’

‘ब्रेक दाबल्यावर. घाटात.’

‘मग ह्ये आधी सांगायला तोंड न्हवतं व्हय?’

पुढची चाकं काढली. ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकामागची लोखंडी चकती, जागेवरच फिरवून तिला वाकडेपणा मोजायचा डायल लावला. काटा एका जागी थांबेना, फेरा घेतला की उडी मारायचा. डिस्क वाकडी झाली होती. वाकड्या डिस्कला ब्रेकचे पॅड घासले की धक्का सरळ स्टेअरिंगवर येतो, माणसाचे हात हलतात. भाऊसोनं दोन्ही डिस्क पलूसला नेल्या आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्या लालासाहेबाच्या लेथजवळ उभं राहून सारख्या करून आणल्या. गाडी मऊ चालली. तीन आठवडे. मग पुन्हा तेच. पुन्हा पलूस, पुन्हा लेथ, पुन्हा तीन आठवडे.

माघात वीरधवल आला तो दोन माणसं घेऊन. गॅरेजच्या पत्र्यावर हात आपटून म्हणाला, ‘पाडव्यापर्यंत गाडी नीट झाली तर झाली. न्हाईतर जागा खाली कर.’

भाऊसोची झोप उडाली. बारा वर्षांत जमवलेलं एकूण एक मशीन त्या सिमेंटच्या ओट्यात बोल्ट मारून बसवलेलं होतं. घाटाखालची जागा गेली तर गिऱ्हाईक गेलं, आणि पुन्हा माणात जाऊन काय करायचं? तिथं गाड्या कमी आणि धुरळा जास्त. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तो जास्त तिरसट व्हायचा. त्या आठवड्यात बायकोनंही त्याच्याशी बोलणं सोडलं.

शेवटी त्यानं वीरधवलला सांगितलं, ‘मी गाडीत बसतो. घाट वरनं खालपातूर उतर. कसा चालिवतोस ते बघतो.’

वीरधवलनं त्याला दाखवायचं म्हणून जास्तच हाणली. वळणावर ब्रेक, सरळ रस्ता आला की पाय जोरात, पुन्हा ब्रेक. जळक्या पॅडचा वास आत आला. भाऊसो दाराचं हँडल धरून शिव्या देत होता, वीरधवल हसत होता. गॅरेज मागं पडलं तरी गाडी थांबली नाही. ‘घरला चल,’ वीरधवल म्हणाला, ‘माझ्या आईला तूच सांग, मला काम येत न्हाई म्हणून.’

गाडी दारात थांबली. वीरधवलची आई अंजनाकाकी पायरीवरच उभ्या होत्या. एका हातात भाकरीचा तुकडा, शेजारी भरलेली कळशी. त्यांनी तुकडा गाडीवरून ओवाळून लांब टाकला. मग कळशी उचलली आणि पुढच्या चाकावर ओतली.

छर्र झालं. आऱ्यांमधून वाफ आली.

‘थांबा!’ भाऊसो दार उघडून ओरडला. काकी तोवर दुसऱ्या चाकाकडं वळल्या होत्या. तिथंही छर्र झालं.

भाऊसोला एका क्षणात सगळं कळलं. काकी हे आजच करत नव्हत्या, सहा वर्षं रोज करत होत्या, गावाला ते ठाऊक होतं. पण जुन्या लोखंडी चाकांना झाकणं होती, पाणी वरच्यावर वाहून जायचं. दसऱ्यापासून ते उघड्या आऱ्यांतून थेट लालबुंद डिस्कवर पडत होतं. हे कळल्यावर शहाण्या माणसानं वीरधवलला बाजूला घेतलं असतं. भाऊसो गल्लीच्या मधोमध उभा राहून बोंबलला.

‘ह्यांनी मोडलीय गाडी! ह्या बाईनं! तापल्या लोखंडावर गार पाणी वततीया आणि नाव माझं जातंय!’

शेजारपाजारच्या बायका दारात आल्या. वीरधवलनं त्याची गचांडी धरली. ‘माझ्या आईच्या हातानं वाईट हुतं म्हणतोस? आईच्या?’ त्याचा आवाज फाटला होता. ‘आता गाडी नीट झाली तरी जागा खाली कर. पाडव्याला तुझा एक बोल्टसुद्धा तिथं दिसता कामा न्हाई.’

काकी वळल्या. रिकामी कळशी घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चालत गॅरेजवर आल्या. एकट्या. भाऊसोनं स्टूल पुढं केलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही.

‘काल म्हणालास ते खरं हाय?’

‘मी खोटं बोलत न्हाई.’

‘माझ्या पाण्यानंच थरथरती?’

‘तुमच्याच.’

‘बरं झालं,’ काकी म्हणाल्या.

‘काय बरं झालं?’

‘थरथरायला लागल्यापास्नं ह्यो जरा हळू चालिवतो. हात हलत्यात म्हणून भितो. मला वाटलं, देवानंच केलं. आता कळलं, मीच करतीया. मग मी एका कळशीच्या जागी दोन वतीन. तू ती नीट करू नगंस.’

गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट भाऊसोलाही ठाऊक होती. सहा वर्षांमागं काकींचा थोरला, ऋषिराज, पलटणीतून रजेवर आला होता. तो आला त्या दिवशी काकी माहेरी होत्या, त्याच्यावरून तुकडा ओवाळायचा राहिला. तिसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून घाटात कोसळून गेला. तेव्हापासून वीरधवलची गाडी दारात आली की कळशी तयार असायची.

ठाऊक असूनही भाऊसोला दया आली नाही, रागच आला. वीरधवलनं रात्रीच माणसाकरवी गाडी गॅरेजवर सोडली होती; तिची उतरवलेली डिस्क त्यानं कोपऱ्यातून उचलली, उजेडात धरली आणि काकींच्या नाकापुढं नेली. तिच्यावर केसासारखे बारीक तडे गेले होते.

‘ह्ये बघा. दिसतंय? कालच्याला ह्ये फुटलं असतं तर ब्रेक लागला नसता. त्यो हळू चालिवतो म्हणताय? काल मी आत बसलो हुतो. मराणाची हाणतो त्यो, आणि तुमी त्याचा ब्रेक मोडताय. एक गेला, आता दुसऱ्याला तुमीच धाडा!’

काकींनी त्याच्या थोबाडीत मारली. म्हातारीचा हात, पण चांगला सणसणून बसला.

‘तोंड सांभाळ,’ त्या म्हणाल्या. ‘एक पोरगं जाळलंय मी.’

भाऊसो गाल न चोळता उभा राहिला. बोललो ते खरं होतं आणि बोलायला नको होतं, हे दोन्ही त्याला एकदम कळलं. माफी मागणं त्याला जमत नव्हतं. काकींनी मात्र ती डिस्क त्याच्या हातातून घेतली आणि तड्यांवरून अंगठा फिरवत राहिल्या. 

‘पाणी न्हाई घातलं तर मला झोप लागायची न्हाई,’ त्या शेवटी म्हणाल्या.

‘घाला की. कोण नगं म्हणतंय? गार झाल्यावर घाला.’

‘आणि गार झालंय ते मला कसं कळावं?’

‘भाकरी टाकायच्या आधी तव्यावर थेंब मारून बघता का न्हाई? तसा चाकाच्या आत एक थेंब मारा. छर्र झालं तर थांबा. त्यो सावकाश, खालच्या गिअरात उतरला तर छर्र व्हायचंच न्हाई. हाणत आला तर तासभर छर्र हुतंय.’

काकींनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं, आणि ते काही प्रेमळ नव्हतं.

‘म्हंजे कसा आला, त्ये मला दारातच कळंल?’

‘कळंल.’

‘तू ते लोखंड नवीन टाक,’ डिस्क त्याच्या हातात देत त्या म्हणाल्या. ‘आणि बोल्ट काढू नगंस. सातबाऱ्यावर नाव माझं हाय, त्याचं न्हाई. उपकार न्हाई करत. तू मला लय आगाव वाटतोस.’

‘तुमी बी,’ भाऊसो म्हणाला.

नव्या डिस्क बसल्या. पहिल्याच संध्याकाळी वीरधवल नेहमीसारखा सुसाट आला. काकींनी तांब्यात बोटं बुडवून आऱ्यांमधून थेंब मारला. छर्र. ‘बस गाडीत,’ त्या म्हणाल्या, ‘चाकं निवूंदेत. पाणी घातल्याबिगर पाय खाली ठिवायचा न्हाई.’ वीरधवल आधी हसला, मग चिडला, मग हॉर्न वाजवत बसला. पाऊण तास गेला. पोरं काचेतून बघून गेली, चुलता येऊन ‘जेवण तिथंच धाडू का रं?’ म्हणून गेला. आईचं पाणी ओलांडून घरात जायची मात्र त्याची छाती झाली नाही. असं आठवडाभर चाललं. मग संध्याकाळी घाटातून खालच्या गिअरचा आवाज यायला लागला.

पाडवा गेला. वीरधवल गावभर सांगत होता की थरथर टायर बदलल्यानं गेली. भाऊसोचं नाव त्यानं घेतलं नाही आणि भाऊसो रस्त्यात भेटला तर थुंकायचा.

चैत्रातल्या एका संध्याकाळी पांढरी गाडी घाटातून तुफान आली आणि घराकडं जायच्या ऐवजी गॅरेजच्या सावलीत येऊन थांबली. वीरधवल आतच बसून राहिला. मोबाइल काढला. भाऊसो हातातलं काम टाकून आला. जळक्या पॅडचा वास त्याला दहा पावलांवरूनच आला होता. त्यानं प्यायच्या तांब्यात बोटं बुडवली आणि चाकावर थेंब मारला.

छर्र झालं.

‘हितं निवायला थांबलास व्हय?’

‘माझी मर्जी. अर्धा तास थांबून जाईन. जागा आमची हाय.’

‘जागा तुझ्या आईची हाय,’ भाऊसो म्हणाला. ‘गाडी काढ. जागा खाली कर.’

वीरधवल दार उघडून उतरायला निघाला. भाऊसोनं पाना उचलला नाही, खिशातून फोन काढला आणि नुसता हातात धरला.  मग वीरधवलनं आईबहिणीवरून एक कचकचीत शिवी दिली, दार आपटलं आणि गाडी घराच्या रस्त्याला लावली.

भाऊसोनं तरीही फोन लावलाच.

‘काकी, निघालाय हितनं. लय तापवून आणलीय. अर्धा तास बसवा.’

‘दोन तास बसविते,’ काकी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.