शेवटच्या कडव्याआधी

हैबतीला कॉपीराइट हा शब्द अलीकडे कळला. त्यासाठी माणसाचं तोंड फोडायचं काम मात्र त्यानं सत्तावीस वर्षांपूर्वीच उरकलं होतं.

मी गणू. पोलादपूरच्या आमच्या नाच मंडळात हैबती गायचा आणि मी ढोलकी वाजवायचो. आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. एक बाजू शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच त्याची जिरवायची. आम्ही शक्तीवाले. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं आणि त्याच्या गुरूचं नाव येतं, त्याला छाप म्हणतात. समोरच्याला उत्तर द्यायचं असेल तर त्यानं आधी तुमचं गाणं छापेसकट पुरं म्हणायचं आणि मग आपलं सुरू करायचं. छाप गाळली तर ती चोरी. त्या चोरीला शिक्षा काय, हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

हैबतीचे गुरू धोंडूबुवा कापडेकर. हा बुवा एक नंबरचा खडूस. गाणं कागदावर उतरू द्यायचा नाही. एकदा म्हणायचा, दुसऱ्या दिवशी विचारायचा, आणि शब्द चुकला की निरगुडीच्या फोकेनं सोलून काढायचा. हैबती तीन वर्षं त्याच्याकडे राहिला, त्याच्या म्हशी राखल्या, पाणी भरलं. एकदा चाल चुकली म्हणून बुवानं त्याच्या करंगळीवर ढोलकी आपटली. ती आजही वाकडी आहे. हैबती ती कौतुकानं दाखवतो आणि म्हणतो, माझ्या हरेक गाण्याची पावती अंगावर हाय. मला हे कौतुक कधी पटलं नाही. बुवा मारकुटा होता आणि त्यानं एक मारकुटा तयार केला, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मरताना बुवानं त्याचा हात धरला आणि एवढंच सांगितलं, माझं नाव गळू देऊ नको. बुवाला मूलबाळ नव्हतं. ते नाव जगात फक्त हैबतीच्या गाण्यांत उरलं होतं, आणि हैबती त्याला जिवापाड जपत होता.

आता येसाजीचं सांगतो. हा तुरेवाला, रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीचा. त्याचा आवाज असा की शक्तीवाले असूनही आम्ही चोरून त्याचं गाणं ऐकायला जायचो. त्या वर्षी महाडला दुपारचा सामना ठरला होता. आदल्या दिवशी मी ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बसवून घ्यायला महाडला गेलो. बाजारामागच्या एका खोलीत येसाजीची तालीम चालली होती. खिडकीखाली उभा राहून ऐकलं तर तो हैबतीचं गाणं म्हणत होता. तीन कडवी ऐकली. चौथं, छापेचं कडवं यायचं होतं, पण माझी एसटी सुटायची वेळ झाली आणि मी डेपोकडे पळालो.

पोलादपूरला उतरल्यावर हैबतीला सांगितलं, येसाजीनं तुझी छाप गाळलीय.

खोटं का बोललो? मला बातमी द्यायची होती आणि अर्धवट बातमीला कोणी विचारत नाही. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडप खच्चून भरला होता. येसाजी उभा राहिला, हैबतीला हात जोडले आणि त्याचंच गाणं सुरू केलं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. हैबतीच्या मानेची शीर फुगली होती. तिसरं संपता संपता तो उठला, आमच्या झांजवाल्याच्या हातातली जाड पितळी झांज हिसकावली आणि धारेकडून येसाजीच्या तोंडावर घातली. पहिल्या घावाला ओठ फाटला. दुसऱ्याला दात आत गेले. येसाजी पडला तरी हैबती छातीवर बसून मारत राहिला. जबडा मोडल्याचा आवाज माझ्या ढोलकीपर्यंत आला. मग दोन्ही मंडळं एकमेकांवर तुटून पडली. मंडपाचे बांबू उपसले गेले, माझं गळपट्टीचं हाड मोडलं, एका म्हाताऱ्याचा कान फाटला, आणि खाली सांडलेल्या रक्तात बाल्यांच्या, म्हणजे आमच्या नाचणाऱ्या पोरांच्या, पायातले घुंगरू लोळत होते.

हैबती सात महिने तुरुंगात राहून आला. येसाजीचा जबडा वाकडा सांधला गेला, जीभ अर्धी कापली गेली होती. तो परत कधी गायला नाही. पण तालुक्यात गंमत अशी झाली की हैबतीच्या गाण्याला हात लावायची कोणाची छाती होईना. उत्तर द्यायलासुद्धा कोणी म्हणेना. त्याचा हक्क इतका पक्का झाला की त्याची गाणी गाणारं कोणी उरलंच नाही. पुढं आमचं मंडळही मोडलं. मला हे सगळं दिसत होतं आणि मी गप्प होतो.

पुढची वर्षं हैबतीनं आंबेनळी घाटात कोसळलेले दगड पहारीनं फोडण्यात घालवली. आता साठी उलटलीय. रोज सकाळी पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळ बनुबाईच्या टपरीवर चहा प्यायचा आणि मी पेपर वाचून दाखवायचा, असा आमचा नेम. त्याला राजकारण नको, क्रिकेट नको. कोणी कोणाचं काय ढापलं, तेवढंच हवं.

यंत्राला शहाणं करायला कंपन्यांनी लाखो पुस्तकं न विचारता वापरली आणि लेखक कोर्टात गेले, ही बातमी मी वाचली तेव्हा हैबतीनं चहाचा ग्लास खाली ठेवला. त्या यंत्रानं कोणाच्या म्हशी राखल्या, असं त्यानं विचारलं. कोणाच्याच नाही म्हटल्यावर तो म्हणाला की मग त्याला विद्या आली कशी, ती चोरीच. मी म्हटलं, कंपनीचं म्हणणं असं की माणूस वाचून शिकतो तसंच यंत्रही शिकतं. तर म्हणाला, शिकताना मार खाल्ला का? एवढ्या एका प्रश्नावर त्यानं जगातले सगळे खटले निकालात काढले. यंत्राला लेखक मानता येणार नाही, असं परदेशातल्या कोर्टानं ठरवलं, त्यावर त्याचं मत पडलं की यंत्राला तोंड नाही म्हणून ते वाचलं, नाहीतर एव्हाना ते दात पडून पातळ खिमट खात असतं. कुठल्याशा माकडानं स्वतःचा फोटो काढला आणि त्यावरून माणसं वर्षानुवर्षं भांडली, ही जुनी गोष्ट मी सांगितली. तो माकडाच्या बाजूनं गेला. कळ ज्यानं दाबली त्याचा फोटो, असं त्याचं म्हणणं. बनुबाई म्हणाली, घाटातली माकडं तुझी कणसं नेतात तेव्हा नाय बरी त्यांची बाजू घेत. त्यावर तो तिच्या अंगावर धावून गेला. तिनं उकळत्या चहाचं पातेलं उचलून धरलं, तेव्हा कुठे तो बसला.

एकदा मी हौसेनं त्याच्या गाण्याचा व्हिडिओ माझ्या मोबाईलवरून इंटरनेटवर चढवला. तिसऱ्या दिवशी नोटीस आली की ही चाल मुंबईच्या कुठल्याशा कॅसेट कंपनीच्या मालकीची आहे. मी ते वाचून दाखवलं. हैबती शांतपणे उठला, माझा मोबाईल बनुबाईच्या पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं चेचला. काच माझ्या गालात घुसली. वर मलाच म्हणाला, कंपनीचा पत्ता काढ.

गेल्या माघात एसटीचा एक कंडक्टर टपरीवर आला आणि त्यानं मोबाईल पुढं धरला. येसाजीचा आवाज होता. सत्तावीस वर्षांपूर्वीचा, भरलेला, कोवळा. आणि गाणं हैबतीचं. कंडक्टर म्हणाला, येसाजीची नात रेश्मा महाडला कॉलेजात शिकते, तिनं जुन्या कॅसेटीवरून संगणकाकडून आवाज बनवून घेतलाय. इंटरनेटवर टाकलेला हा तुकडा अर्ध्या मिनिटाचा. दीड कडवं झालं आणि संपला.

"छाप?" हैबतीनं विचारलं.

कंडक्टर म्हणाला, एवढंच आहे.

हैबती घरी गेला आणि कमरेच्या आकडीला कोयता अडकवून परत आला. मी त्याच्यामागून एसटीत चढलो. महाडला उतरून हिरकणीवाडीची गाडी धरली. तासाभराच्या त्या वाटेवर मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा म्हटलं, उन्ह लय आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, तिकीट मी काढतो. खिडकीतून कोयत्याच्या पात्यावर ऊन पडत होतं आणि मला ठाऊक होतं की तो एका म्हाताऱ्याचा जीव घ्यायला निघालाय, माझ्या एका थापेच्या जोरावर.

येसाजीच्या घरच्यांची झुणका-भाकरीची टपरी रोपवेच्या वाटेवरच आहे. मुंबईची पाच-सहा माणसं जेवत होती. पहिल्या घावात हैबतीनं टपरीच्या पुढचा बांबू तोडला, छप्पर एका बाजूला खाली आलं. दुसऱ्या घावात ताकाची मडकी फुटली. माणसं ताटं टाकून पळाली, एक बाई घसरून दगडावर आपटली आणि तिच्या कपाळातून रक्त आलं. रेश्मा आतून धावत आली. हैबतीनं तिच्या हातातला मोबाईल ओढला, ती सोडेना, तेव्हा त्यानं तिला इतक्या जोरात ढकललं की ती चुलीवर पडली आणि तिचं मनगट भाजलं. त्यानं कोयता वर उचलला.

मधे येसाजी आला. वाकडा जबडा, गालाची खोबण, तोंडातून लाळ. त्यानं हात जोडले नाहीत, हैबतीचं मनगटही धरलं नाही. नुसता पुढं उभा राहिला. अर्ध्या जिभेनं तो जे बोलला ते कळायला मला एक क्षण लागला.

"पुरं ऐक. मंग मार."

रेश्मानं भाजल्या हातानं मोबाईल उचलला आणि गाणं लावलं. पुरं. तिसरं कडवं संपलं. मग चौथं आलं, आणि येसाजीच्या तरण्या आवाजात, पडलेल्या छपराखाली, धोंडूबुवा कापडेकरांचं नाव आलं. त्यामागून हैबतीचं. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

रेश्मा रडत नव्हती, संतापली होती. ती म्हणाली, शब्द आजानं सांगितलेत, चार दिवस लागले, त्याला बोलता येत नाही म्हणून. लांब होतं म्हणून मी शेवटचं कडवं गाळत होते, तर त्यानं माझ्या अंगावर भाकरीची परात फेकली.

हैबतीचा कोयता खाली आला होता.

"त्या दिशी बी तू हेच म्हननार व्हतास?" त्यानं विचारलं.

येसाजीनं होय अशी मान हलवली. "तू थांबला नायस."

मग हैबती माझ्याकडे वळला. इतकी वर्षं मी त्या वळण्याची वाट पाहत होतो, आणि खरं सांगतो, त्या घटकेला मला सुटल्यासारखं वाटलं.

"गणू, तू ऐकलं व्हतंस ना रे?"

"तीन कडवी," मी म्हटलं. "एसटी सुटत व्हती."

त्यानं कोयता लांब फेकला. मग मुठीनं मारायला लागला. पहिला ठोसा नाकावर बसला, दुसरा डोळ्यावर. मी पडलो तर त्यानं लाथांनी बरगड्या धरल्या. चाळीस वर्षं मी ज्याच्या शेजारी बसत आलो तो माणूस मला ताकाच्या चिखलात तुडवत होता. रेश्मा त्याला आवरायला पुढं झाली, तर येसाजीनं तिचा दंड धरून ठेवला. मी एकदाही हात वर केला नाही. पोलिसांना नंतर सांगितलं की घाटात पडलो.

दमल्यावर तो माझ्याशेजारीच बसला, सांडलेल्या ताकात. हात रक्तानं भरलेले, काही माझं, काही त्याचं. म्हातारा ऊर फुटेस्तोवर रडला. मग नाक पुसलं आणि रेश्माकडे पाहून म्हणाला,

"परत लाव गो. येकदा."

तिनं मनगटावर ओलं फडकं गुंडाळलं, जमिनीवरचा मोबाईल उचलला आणि बंद केला. नाय लावणार, म्हणाली. तिनं फुटक्या मडक्यांचे तुकडे वेचायला घेतले. हैबती तिच्याकडे बघत बसून राहिला, आणि तिच्यावर हात उगारायची त्याची हिंमत झाली नाही.