लाँचीवरचं हळदीकुंकू

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करते. मागाहून दुसऱ्या कुणी सांगायला नको. दूधवाल्याच्या दुधात मी बोट बुडवून बघते, आणि नारळ घेतला की कानाशी हलवूनसुद्धा माझं समाधान होत नाही. आमचे हे म्हणतात, "तुला देव भेटला तरी तू त्याला आधी गाव विचारशील." विचारीन की! न विचारता पाया पडायला मी काय खुळी आहे?

तर गंगुबाईची गोष्ट सांगते.

गंगुबाई आमच्या आळीच्या टोकाला एका पडवीत एकटी राहायची. माहेर लांज्याकडचं शेतकऱ्याचं, सासर पूर्णगडचं. उंच, काळी, हाडापेराने दणकट बाई, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. आळीत कुणाचंही लग्न ठरो, पहिली हळद कुटायला गंगुबाई ठरलेली. पाच सवाष्णी मुसळाला नावापुरता हात लावायच्या आणि पदराने घाम पुसत चहाला निघून जायच्या. उरलेली सगळी हळद कुटायची ती गंगुबाईने. शिवाय पापड, सांडगे, फेण्या, वर्षाचा मसाला. इतर बायका जात्यावर बसल्या की ओव्या म्हणतात, ही मात्र ओठ मिटून दळायची. "गाणी कशी येत नाहीत गो तुला?" असं विचारलं की म्हणायची, "येतात. पन दोन कामा एकदम कशाला?"

तिचं पोट या मंगलकार्यांवर होतं आणि मंगलकार्यं तिच्या कुंकवावर. विधवेला लग्नाच्या मुसळाला आमच्याकडे हात लावू देत नाहीत. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा, मी रीत सांगितली.

आता हे कुंकू ज्याच्या नावाचं, तो शिवा कुठे होता? गंगुबाई सांगायची, "मुंबयला गोदीत हायत. शिमग्याला येतील." कोकणातला चाकरमानी एक वेळ बायकोला विसरेल, पण शिमग्याला गावची पालखी नाचवायला विसरायचा नाही. सगळ्यांचे पुरुष एसटी भरभरून यायचे. हिचा कधी आला नाही. एका वर्षी रजा मिळाली नाही, एका वर्षी बोटीवर गेलेत, एका वर्षी पाय मुरगळलाय. मी या आळीत राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत तिच्या दांडीवर पुरुषाचा एक सदरा वाळत पडलेला मी बघितला नाही.

मी पोस्टमन आत्मारामला गाठलं. पाणी दिलं, गूळ दिला आणि सहज विचारल्यासारखं केलं, "गंगुबाईला मनिऑर्डर येत असेल ना हो मुंबईहून?"

आत्मारामने पाणी संपवलं. "वहिनी, टपालातलं बाहेर बोलू नये," म्हणाला. मग पायरी उतरता उतरता वळून म्हणाला, "पण आलेलंच नाही त्याला काय टपाल म्हणायचं?"

झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तरी मी दम धरून होते, कारण मला काय करायचं होतं? दुसऱ्याच्या कपाळाशी आपला काय संबंध? पण त्याच मार्गशीर्षात आमच्या कुसुमचं लग्न ठरलं. मुलगा मालगुंडचा, घर आंब्याच्या बागांचं, मुहूर्त माघातला. आणि कुसुम म्हणाली, "हळद गंगुबाईच कुटणार. दुसरं कुणी नको." लहानपणी कुसुमला टायफॉइड झाला होता, तेव्हा गंगुबाई अकरा दिवस तिच्या उशाशी बसली होती. कुसुमला ते आठवत होतं. मला मात्र रात्रंदिवस एकच दिसायला लागलं, की एका विधवेच्या हातची हळद माझ्या मुलीच्या अंगाला लागणार. आई झाल्याशिवाय ही भीती कळायची नाही.

पंच्याऐंशी सालची संक्रांत आली. आमच्या महिला मंडळाची चिटणीस हेमा, शाळेत शिकवायची, तिच्या डोक्यात नवीनच खूळ. "दरवर्षी तीच सतरंजी आणि तेच घर. यंदा लाँचीतून बंदर फिरू. हळदीकुंकू पाण्यावर, जेवणही पाण्यावर." बायका टाळ्या पिटायला लागल्या. मला वाटलं, हिचा कुणीतरी लाँचवाला ओळखीचा असणार आणि मंडळाच्या जिवावर त्याची सोय होत असणार. पण पंधरा जणींपुढे एकटी काय बोलणार?

जेवण करायला आणि वाढायला गंगुबाई ठरली. मी म्हटलं, ठीक आहे. त्या दिवशी तिला सबंध दिवस डोळ्यांसमोर ठेवता येईल.

मांडवीच्या धक्क्याशी सकाळी दहाला लाँच लागली. भागोजी तांडेलाची. एरवी मासळीची ने-आण करणारी, आज धुऊन पुसून वर झेंडूची माळ. वास कुठे जातोय! मी पदर नाकाला लावला. फळ्यांच्या फटीतून पाणी दिसतंय का तेही वाकून बघितलं. भागोजी हसला. "वहिनी, बुडाली तर मी पन हायच की बरोबर." या उत्तराने कुणाला धीर येतो?

गंगुबाई शेवटी चढली. डोक्यावर गूळपोळ्यांचा डबा, काखेत केळीच्या पानांची गुंडाळी. धक्क्याच्या कडेला ती एकदम थांबली. पाण्याकडे नाही, बंदराच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढ्यात भागोजीने तिच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, "तू शिवाची बायको ना गो?"

ती "होय" म्हणाली, चढली आणि मागच्या बाजूला पातेल्यांपाशी जाऊन बसली. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या कसं येणार नाही?

लाँच निघाली. दीपगृहाखालून गेलो, किल्ल्याच्या कड्याखालून गेलो, मिऱ्याचा डोंगर समोर आला. पौषातला समुद्र, तेल ओतल्यासारखा गप्प. बायका काळ्या चंद्रकळा नेसून ओळीने बसलेल्या, कुणी नाव घेतंय, कुणी उलटी येईल म्हणून लिंबू हुंगतंय. हेमा हौसेने सगळ्यांना किल्ला दाखवत होती. मी उठले आणि धरत धरत भागोजीच्या सुकाणूपाशी गेले.

"शिवाला ओळखता वाटतं तुम्ही?"

"ओळकतो तर! दोघं एकाच गावचे, एकाच गलबतावर होतो. शिमगा झाला आन् ह्याच धक्क्यावरनं निघालो, कौलं घेऊन. मुंबयला माल उतरला. तो बोलला, जरा जाऊन येतो. गेला तो गेला. आमी चार दिवस शोधला. आता बारा वर्सां होत आली वहिनी. मेला म्हनावा तर मढा नाय, जिता म्हनावा तर कागद नाय."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पकडली! गोदी नाही, रजा नाही आणि मुरगळलेला पाय तर नाहीच नाही. अकरा वर्षं ही बाई आमच्या तोंडावर खोटं बोलत आली होती आणि आमच्या लेकींच्या हळदी कुटत होती.

हळदीकुंकवाचा करंडा त्या दिवशी माझ्याकडेच होता. मी ओळीने लावत गेले. हळद, कुंकू, हातावर तीळगूळ, ओटीत वाण. पंधरा कपाळं झाली. मागे गंगुबाई पातेल्याचं झाकण काढून पोळ्यांवर तूप सोडत होती. मला आलेली बघून तिने हात पदराला पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि कपाळ पुढे केलं.

माझी बोटं कुंकवात होती. तिथेच ठेवली.

"गंगुबाई, तुझा नवरा कुठे आहे?"

मोठ्याने विचारलं मी. मुद्दाम. लाँचीचं इंजिन धडधडत होतं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. नाव घेणारी मधेच थांबली. हेमा म्हणाली, "अहो काकू, आत्ता काय हे?" पण तीही पुढे सरकून बसली. सगळ्यांनाच ऐकायचं होतं, माझ्यासारखंच.

गंगुबाईने आधी भागोजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. घाबरली नाही की रडली नाही.

"माहीत नाय," म्हणाली.

"मग गोदीत आहे, शिमग्याला येईल, हे काय होतं?"

"तुमी इचारायचात, तवा कायतरी सांगाया लागायचा." मग म्हणाली, "वैनी, मी पूर्णगडच्या भटजींना इचारून ठेवलंय. मानूस हरवला तर बारा वर्सां वाट बघायची, असा शास्त्र हाय. बारा वर्सां झाली की पळसाच्या पानांचा मानूस करायचा आन् त्याला अग्नी द्यायचा. मंग बाय विधवा. माजी बारा वर्सां शिमग्याला पुरी व्हतील. तवर मी सवाष्न हाय. लावायचा तर लावा, नायतर ऱ्हाऊ द्या. पोळ्या गार व्हतायत."

मी लावलं. हो, लावलं. कुंकू वाऱ्याने तिच्या नाकावर उडालं. तिने तीळगूळ घेतला, वाण घेतलं, वाकून नमस्कार केला आणि पानं मांडायला उठली.

गूळपोळी, वर तुपाची धार, मुगाची खिचडी, पावट्याची उसळ, सोलकढी. गंगुबाईच्या हातची गूळपोळी म्हणजे कडेपर्यंत गूळ, कुठे कोरी नाही की कुठे फुटलेली नाही. ती प्रत्येकीला आग्रह करत होती, "अजून अर्धी घ्या, प्रवासात भूक लागते." एरवी चार चार पोळ्या चेपणाऱ्या बायका एकीवर थांबल्या. मी तर अर्धीच खाल्ली. भागोजीने लाँच वळवली आणि आम्ही परत धक्क्याला लागलो.

मी आळीत एका शब्दाने कुणाला सांगितलं नाही. पण पंधरा बायकांसमोर विचारल्यावर सांगायचं काय शिल्लक राहतं? आठ दिवसांत सगळीकडे झालं. कुणी तिला वाईट बोललं नाही. नुसतं बोलावणं थांबलं. माघातली चार लग्नं झाली, चारही ठिकाणी हळद दुसऱ्याच कुणी कुटली.

त्यातलं एक लग्न आमचं. कुसुम माझ्याशी भांडली. "तिच्या शास्त्राप्रमाणे ती शिमग्यापर्यंत सवाष्ण आहे ना? मग तुला काय अडचण आहे?" मी म्हटलं, "शास्त्र मला शिकवू नकोस. सुखाच्या कार्यात शंका नको." हळद लावून घेताना कुसुमने माझ्याकडे पाठ केली होती. लग्नाच्या दिवशी गंगुबाई मांडवाच्या कडेला उभी दिसली. अक्षता टाकल्या आणि न जेवता गेली. मी हाक मारणार होते. पण व्याही समोर आले आणि राहून गेलं.

शिमगा झाला. पालख्या देवळात गेल्या, चाकरमानी मुंबईला परतले. पंधरा-एक दिवसांनी सकाळी मी पडवीत तांदूळ पाखडत होते, तर गंगुबाई दारात. कपाळ कोरं. हात रिकामे. मला ती आधी ओळखूच आली नाही, एवढं त्या एका कुंकवाने माणूस बदलतं.

"वैनी, निवडण-टिपण, भांडीधुणी, कायपन काम असला तर सांगा."

माझ्या हातातलं सूप खाली आलं. "अगं, हे काय केलंस? कळलं का काही त्याचं?"

"नाय. पूर्णगडला जाऊन पानांचा मानूस जाळून आले."

"पण एवढी घाई कशाला केलीस?" मी म्हटलं. माझीच जीभ ही! "आणखी एखादं वर्ष थांबली असतीस. कुणी पंचांग घेऊन बसलं होतं का?"

ती उंबऱ्याबाहेरच बसली. सूप स्वतःकडे ओढलं आणि तांदळातले खडे वेचायला लागली.

"तुमी सगळी इचारायचात, शिमग्याला येनार ना गो? मी सांगायची, येतील. सांगता सांगता मना पन वाटायचा, येतील. दर शिमग्याला मी दोन मानसांचा भात घालायची. लाँचीवर तुमी इचारलात, त्या दिसापास्नं मना पन संशय यायला लागला. ह्या शिमग्याला एकटीपुरता भात घातला. मंग म्हटला, आता कशाला ठेवायचा कुंकू?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी सहसा रडत नाही, आणि दुसऱ्यापुढे तर नाहीच. "चुकलं गो माझं, गंगुबाई," मी म्हटलं. "फार चुकलं."

"तुमचा काय चुकला?" तिने खडा अंगणात टाकला. "कुनीतरी कधीतरी इचारनारच होता. फकस्त दोन म्हयने, शिमगा व्हईपर्यंत थांबला असतात, तर बरा झाला असता."