गाळातल्या गॅसवरची शेगडी

डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या आमच्या नोरविग गावात डाग्नीच्या शेगडीला कधी सिलिंडर लागला नाही. तिच्या सासऱ्याने दुसऱ्या महायुद्धाच्या आधी किनाऱ्यालगत पाण्यासाठी जमिनीत नळी ठोकली. पाणी निघालं खारट, आणि त्याबरोबर बुडबुडे. म्हाताऱ्याने तोंडातला तंबाखूचा पाइप पेटवायला काडी ओढली आणि भुवया घालवून बसला. पण डोकं शाबूत होतं. पाण्याच्या टाकीत लोखंडी पिंप उपडं ठेवून त्याने तो गॅस साठवला आणि तिथून स्वयंपाकघरात नेला. डाग्नी लग्न होऊन आली ती याच शेगडीपुढे. बटाटे, तळलेली मासळी, नाताळची डुकराची तंगडी, सगळं समुद्राच्या गाळावर शिजलं.

एकदा ऑर्हूसच्या विद्यापीठातून एक बाई आली होती. खाडीच्या तळाचा चिखल लांब नळ्यांमधून काढून तिने डाग्नीच्या ओट्यावर मांडला. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. तिने सांगितलं, की मेलेलं शेवाळ वर्षानुवर्षं तळाशी बसतं, खोलवर हवा पोचत नाही, तिथले अतिसूक्ष्म जीव ते कुजवून गॅस तयार करतात. वरच्या थरात दुसरे जीव असतात, ते वर येणारा बराचसा गॅस खाऊन टाकतात.

“म्हणजे आमच्या घरासारखंच,” डाग्नी म्हणाली. “खाली बसून मी रांधायचं आणि वरच्या वर आंकरने फस्त करायचं.”

आंकर, तिचा नवरा, तेव्हा जिवंत होता आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

तो गेला तेव्हा मुलीने, सोल्वायने, आईसाठी फ्रेडरिक्सहावन शहरातल्या आपल्या घरातली खालची खोली रिकामी केली. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला आम्ही सगळे बसलो होतो, तिथेच तिने विषय काढला. आता नवऱ्याला पुरून अर्धा दिवस झालेला नाही आणि मुलगी खोलीचा रंग सांगतेय, कुणालाही राग येईल. डाग्नी ताडकन म्हणाली, “या शेगडीवर कॉफी उकळेनाशी होईल त्या दिवशी येईन. तोवर नाही.”

झालं. गावाला तेवढंच हवं होतं. आमच्याकडे एखादं वाक्य माणसाच्या तोंडून निघालं की ते गावाचं होतं, परत मिळत नाही. दुकानात, चर्चच्या दारात, बसथांब्यावर लोक डाग्नीला विचारायचे, “काय गं, पेटतेय ना अजून?” ती म्हणायची, “पेटतेय.” मग विचारणारा असा खूश व्हायचा, जणू त्याच्याच घरची चूल.

ज्योत मात्र दरवर्षी लहान होत गेली. नळीत गाळ आणि पाणी भरतं. आंकर दर शरदात दोराला खरवडणी बांधून नळी साफ करायचा आणि दोर डाग्नी धरायची. तिला सगळं ठाऊक होतं. तरी तिने कुणाला हाक मारली नाही. मला वाटलं, मानी बाई आहे, उपकार नको असतील. शेवटच्या हिवाळ्यात किटलीला तासभर लागायचा. तिच्याकडे गेलं की माझं स्वेटरचं अर्धं विणकाम उरकायचं.

गावाला घोर लागला. एगोन लोहाराने बेत ठरवला: डाग्नीच्या पंचाहत्तरीला नळी साफ करून द्यायची, तिला न सांगता. सोल्वायने आदल्या दुपारी आईला केस सेट करायला शहरात न्यायचं. मला वाटलं ती नाही म्हणेल, खोली तिचीच रिकामी होती. पण ती म्हणाली, “आईला इथेच राहायचंय, तर राहू दे. मीच उगाच मागे लागले इतकी वर्षं.” आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

सकाळी आम्ही रिवाजाप्रमाणे तिच्या दारावर सूचीपर्णी फांद्यांची कमान उभारली, झेंडा चढवला आणि बेसूर गाऊन तिला उठवलं. ती झग्यावरच बाहेर आली, केस मात्र झकास. सगळे स्वयंपाकघरात घुसलो. एगोनने चावी फिरवली, काडी लावली, आणि भस्सकन निळी ज्योत किटलीच्या अंगावर चढली. आम्ही टाळ्या पिटल्या.

“आता आणखी वीस वर्षं कॉफी उकळ!” एगोन छाती फुगवून म्हणाला.

डाग्नी खुर्चीवर बसली. मला वाटलं, आनंदाने गहिवरली. मी कप काढायला कपाट उघडलं, तर आत एकच कप आणि एकच बशी.

“अगं, कप कुठे गेले सगळे?”

“खालच्या खोक्यात,” डाग्नी म्हणाली. “वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत. ताटंही.”

“कशाला?” सोल्वायने विचारलं.

“कशाला म्हणजे? तुझ्याकडे यायला. मला वाटलं, यंदाच्या हिवाळ्यात विझेल.” तिने एगोनकडे पाहिलं. “तुला कुणी सांगितलं होतं रे मेल्या?”

एगोनचे हात कालच्या गाळाने अजून काळे होते. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

“आई,” सोल्वाय तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, “मग एक शब्द बोलली असतीस तर! खोली अजून तशीच आहे. एक शब्द, आई.”

“एकदा सगळ्यांदेखत बोलून बसले होते ना. मग परत कुठल्या तोंडाने सांगू? आणि सांगू तरी कुणाला? जो येतो तो शेगडीची चौकशी करतो. या घरात संध्याकाळी मी भिंतींशी बोलते गं. डाग्नी, तू कशी आहेस, असं एकाने तरी विचारलं का?”

किटली उतू गेली. कुणी शेगडीकडे गेलं नाही, कारण जो जाईल त्याला डाग्नीच्या समोरून जावं लागलं असतं.