पुढे केलेला हात

अमेरिकेत, नोव्हायच्या आमच्या ऑफिसातले मॅनेजर मूळचे नागपूरचे, पण क्रिकेट सोडून पार बेसबॉलचे झालेले. प्रोजेक्ट वेळेत संपलं म्हणून कोणी कौतुक केलं की ते हात झटकायचे. "काही नाही यार, मॅच प्लेअर जिंकतात. मॅनेजर नुसता बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडतो." स्वतः केबिनमध्ये तेच करत बसायचे. "त्याचं काम एकच. पिचर, म्हणजे आपला बोलर, थकला की मैदानात चालत जायचं आणि हात पुढे करायचा. पिचर न बोलता बॉल त्या हातावर ठेवतो आणि निघून जातो."

श्रेय न घेणारा हा माणूस मला आवडायचा. पण गेल्या महिन्यात लेऑफ सुरू झाले आणि ते तसेच चालत येऊ लागले, सावकाश, मान खाली घालून. पावलं ऐकू आली की आम्ही सगळे स्क्रीनमध्ये तोंड खुपसायचो. ते ज्याच्या टेबलापाशी थांबत, तो दुपारपर्यंत घरी गेलेला असे. माझी तर नोकरी गेली की व्हिसाही संपणार होता.

परवा सकाळी ते माझ्या टेबलापाशी थांबले आणि त्यांनी हात पुढे केला. मी गळ्यातलं आयकार्ड काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"अरे, पेन मागतोय मी," ते म्हणाले.

मी पेन दिलं. ते त्यांनी खिशाला लावलं. कार्ड मात्र कितीतरी वेळ हातात तोलत उभे राहिले.