कोरे गज

पोरांनी मास्तरांचं नाव ‘खुंटी’ ठेवलं होतं, कारण व्हायोलिनच्या खुंट्या पिळाव्या तसे पोरांचे कान पिळण्याचा त्यांना भारी सोस. तरुणपणी ते एका वाद्यवृंदात मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवायचे. वाद्यवृंद बुडाला आणि मास्तर शाळेत व्हायोलिन शिकवायला चिकटले, ते केस पिकेपर्यंत.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर गेला. ते कानात उतरायला वर्षं जातात, आणि शाळेला दर वर्षी कार्यक्रम हवा. मोठ्या बाईंचा हुकूम ठरलेला, “वर्गातलं प्रत्येक पोर स्टेजवर दिसलं पाहिजे. आणि कार्यक्रम कानाला गोड पण लागला पाहिजे.”

मास्तरांनी तोडगा काढला होता. गजाच्या केसांना राळ घासली नाही तर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज काही निघत नाही. असे कोरे गज त्यांनी कपाटात वेगळे ठेवले होते. पडदा उघडण्याआधी गज ते स्वतःच वाटत. बेसूर पोरांना कोरे. पोरं जीव तोडून हात हलवायची, आईबाप मोबाईल उंच धरायचे, आणि सूर यायचा तो पुढच्या चार-पाच जणांचा.

“झाली का तुमची मुकी पलटण तयार?” बायको दर वर्षी विचारायची. मास्तर हसायचे. यंदा हसले नाहीत.

कारण मुंगी. बुटकी, चिवट पोर. तिच्याइतकं घासणारं वर्गात कुणी नव्हतं आणि तिच्याइतकं बेसूरही कुणी नव्हतं. पण कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात ती वाजवता वाजवता थांबली, तोंड वाकडं केलं, आणि कुणी न सांगता बोट सरकवून सूर गाठला.

“अगं, ऐकू आलं तुला!” मास्तर जवळजवळ ओरडलेच.

रंगीत तालमीत मात्र ती पुन्हा घसरली.

“तिला कोराच द्या,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“बाई, आत्ता कुठे कान उघडलाय तिचा. आत्ताच मुकं केलं तर...”

“पाहुणे येणारेत, मास्तर. शोभा करून घ्यायचीये? का नोकरी नकोशी झालीये?”

मास्तरांनी कोरा दिला.

कार्यक्रम संपला. टाळ्या थांबायच्या आत मुंगी धावत आली. “सर, मला माझं वेगळं ऐकूच नाही आलं! सगळ्यांत मिसळलं ना?”

“मिसळलं,” मास्तर म्हणाले.

मागोमाग तिची आई, डोळे पुसत. “उपकार झाले हो, सर! हिचे बाबा म्हणालेच, आता येतंय की पोरीला. पुढच्या महिन्यापासून पोहायला घालतोय.”

“अहो, आत्ता नका काढू तिला! खरी सुरुवात तर...”

“का? चुकली का कुठे?”

मास्तरांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या पाहुण्यांना चहाचा आग्रह करत होत्या. मग मुंगीकडे पाहिलं. ती मान वर करून उत्तराची वाट बघत होती.

“नाही,” मास्तर म्हणाले. “कुठेच नाही चुकली.”

“मग झालं तर!” आई म्हणाली, आणि पोरीचं बोट धरून दाराकडे निघाली.