‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’

मंडळी, आज स्वतःचीच लय लाज वाटून राहिली.

मागं आईच्या भुलाबाईच्या गाण्यांचा कार्यक्रम एका अ‍ॅपवर आला होता. जर्मनीतली बहीण म्हणे, "दादा, इथं उघडतच नाही." मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "आईसाठी टाइम नाही, हे सरळ सांग ना!"

आज जर्मनीतल्या एका चॅनलवर भाचीचं गाणं आलं. बहिणीनं लिंक पाठवली. इथं पांढुर्ण्यात आई चष्मा लावून बसली. मोबाइलवर आलं, हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही.

आई म्हणाली, "मंग तवा पोरगी खरंच सांगून राहिली होती ना रे?"

मी बहिणीची माफी मागितली, पण तिच्या एकटीच्या नंबरवर. ग्रुपवर लिहायची हिंमत अजूनही नाही झाली.

टोमणा साऱ्यांसमोर मारला, मंग माफीच कावून लपून मागतो आपण?